कानातला थेंब

मी भित्रा माणूस आहे. तीस वर्षं सांगलीत मटणाचं दुकान चालवलं, दर रविवारी उजाडायच्या आत चार बकरी सोलून टांगली, तरी भित्रा तो भित्राच राहिलो. लोकांना हे पटत नाही. मला कुत्र्याची भीती वाटते, विजेची वाटते, गच्चीवरून खाली बघायची वाटते. सुईची तर इतकी वाटते की एकदा बोट कापलं म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो आणि सुई बघूनच दवाखान्यात आडवा झालो. कपड्यांवर दुकानातलं रक्त होतं. कंपाउंडरला वाटलं, मला कुणीतरी भोसकलंय.

त्या प्रसंगाचं मी पुढं चित्र काढलं. मी फरशीवर पडलोय, डॉक्टर नाडी बघतायत आणि चार बकरी वर्तमानपत्राच्या कागदांनी मला वारा घालतायत. त्यातल्या एकाच्या तोंडावर खरोखरची काळजी आहे. ती काळजी जमायला दोन दिवस लागले.

चित्रांचा नाद मनगटामुळे लागला. चार वर्षांपूर्वी उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. सत्तूर हातात आहे का सुटलाय तेच कळेना. एके दिवशी तो सुटला आणि माझ्या पायापासून वीतभर लांब पडला. डॉक्टर म्हणाले, शीर दबली आहे, हे काम आता बंद करा, पण बोटं हलती ठेवा. माझी मुलगी सांगलीतच, विश्रामबागेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. दुकान बंद केल्यापासून मी तिच्याकडंच राहतो. घरात कोऱ्या वह्या आणि स्केचपेनं पडलेली असायची. मी ती घेऊन बसलो, आणि दुसरं काही ठाऊक नव्हतं म्हणून दुकानातलीच माणसं काढायला लागलो.

एका बकऱ्याला एकच कलेजी असते, हे गिऱ्हाईकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. अर्धा किलो घेणाराही म्हणायचा, कलेजी जरा जास्त टाका. म्हणून मी असं बकरं काढलं की ज्याच्या पोटात सात कलेज्या आहेत आणि दुकानापुढची रांग त्याला हार घालते आहे. एक गुरुजी मटणाची पिशवी मेथीच्या जुडीखाली लपवून न्यायचे, तर मी चार खुरांवर चालत निघालेली मेथीची जुडी काढली. मुलगी पोट धरून हसली. तिच्या शाळेतल्या बाई हसल्या. मग चित्रं वाढतच गेली.

पण खरं सांगायचं तर ही सगळी चित्रं भीतीचीच आहेत. गिऱ्हाईकाला भीती असायची की हा हाडं जास्त घालणार. मला भीती की हा पुढच्या रविवारी समोरच्या दुकानात जाणार. बकऱ्याच्या भीतीबद्दल मी बोलत नाही. ती मी तीस वर्षं हातात धरली, आणि तिचं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी मुलीनं विश्रामबागेत एक छोटा हॉल चार दिवसांसाठी मिळवला आणि माझी चाळीस चित्रं भिंतीवर लावली. सगळ्यात जास्त लोक थांबायचे ते एकाच चित्रापाशी. ते काढायला नको होतं.

आमचं मूळ गाव साताऱ्याकडच्या जावळीत, मेढ्याच्या बाजूला. तिकडच्या काही गावांच्या जत्रेत बकरं कापायचं काम वडिलांकडं होतं, त्यांच्यामागं ते माझ्याकडं आलं. चैत्रात मी तीन दिवस सांगलीचं दुकान बंद ठेवायचो आणि सुऱ्या घेऊन वर जायचो. तिकडं बकरं नुसतं धरून कापत नाहीत. आधी त्याला हळदीकुंकू लावतात, त्याच्या अंगावर तांब्यातून पाणी घालतात, आणि मग सगळं घर हात जोडून उभं राहतं. बकऱ्यानं अंग झाडलं तर देवाला मान्य आहे. याला कौल म्हणतात. अंग झाडेपर्यंत सुरीला हात लावायचा नाही, आणि झाडलंच नाही तर बकरं तसंच परत गोठ्यात न्यायचं.

आता बकऱ्याच्या कानात पाण्याचा एक थेंब गेला तर ते अंग झाडल्याशिवाय राहत नाही, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वडिलांनी मला ते सांगितलं होतं, कधी करू नये म्हणून सांगितलं होतं. म्हणाले होते, "आपलं काम कापायचं हाय. कौल द्यायचं न्हाई."

मी ते एकदाच केलं. सोळा वर्षांपूर्वी, त्यातल्या एका गावात, वरच्या अंगाला असलेल्या एका घरी. त्या घरातला पोरगा सैन्यात नुकताच लागला होता आणि रजेवर आला होता. वय वीसच्या आतबाहेर. रजा त्याच दिवशी संपत होती, दुपारच्या एसटीनं त्याला साताऱ्याला जायचं होतं. पेटी भरून ओट्यावर ठेवलेली होती. बकरं त्याच्याच नावाचं होतं, तो सुखरूप जावा-यावा म्हणून बोललेलं.

बकरं तांबूस होतं, कान लांब. मी त्याचं शिंग धरलं, पोराच्या आईनं पाणी घातलं, सगळ्यांनी हात जोडले. बकरं उभं राहिलं ते राहिलंच. एरवी पाच-दहा मिनिटांत होणारी गोष्ट, इथं तास होत आला. ते आपलं निवांत रवंथ करत होतं. मग घरच्यांना वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकलंय. चुका कबूल करायला सुरुवात झाली. पोराची आत्या म्हणाली, गेल्या वर्षीचा नारळ राहिला, तो देते. दोन चुलत्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, त्यांनी तिथल्या तिथं एकमेकांना पान दिलं. एक म्हातारा पुढं झाला आणि बकऱ्याकडं बघत म्हणाला, "बांधाचा दगड मीच सरकवला. आता बास कर." बकऱ्यानं त्याच्याकडं बघितलं आणि शेपूट हलवली. नुसती शेपूट हलली तर तो कौल धरत नाहीत.

आज मला हे आठवून हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं. आधी पोरगा हसत होता, मोबाईलमध्ये बघत होता. मग त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि ती भीती मला ओळखीची होती. रोज हातात धरत होतो तीच.

मी पुढं स्वतःला सांगत आलो की मला त्या पोराची दया आली. दया आलीही होती. पण अजून दोन घरची बकरी खोळंबली होती, ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझा हात शिंग धरून अवघडला होता, हेही तितकंच खरं. पोराच्या आईनं पुन्हा तांब्या ओतला, पाणी माझ्या बोटांवरून गेलं, आणि मी करंगळी जराशी वाकवली. थेंब कानात गेला. बकऱ्यानं डोक्यापासून शेपटापर्यंत असं अंग झाडलं की पुढच्या रांगेतली सगळी माणसं भिजली. चांगभलं म्हणून एकच ओरडा झाला. चुलते एकमेकांना मिठ्या मारायला लागले. मी माझं काम केलं.

निघताना पोरगा सगळ्यांच्या पाया पडला. माझ्याही पडला. हात रक्तानं भरले होते म्हणून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

एसटी घाट उतरून गेली आणि मला घाम फुटला. देवाला मी फार मानतो असं नाही. पण देवाचा म्हणून एक निरोप त्या घरात गेला होता आणि तो देवाचा नव्हता, माझ्या करंगळीचा होता. त्याच्या भरवशावर ते पोरगं सरहद्दीला निघालं होतं. पुढच्या वर्षापासून त्या गावचं काम मी चुलतभावाला दिलं. मनगटाला तेव्हा काही झालेलं नव्हतं. त्या घराची वार्ता कानावर यायला नको होती, एवढंच. चुलतभाऊ जत्रेहून परत आला की मी त्याला पाऊसपाणी विचारायचो, त्या घराचं कधीच विचारलं नाही. पेपरात साताऱ्याच्या जवानाची बातमी दिसली की आधी गावाचं नाव बघायचो, तेही कागद निम्मा दुमडून. वेगळं गाव निघालं की मोकळा श्वास घ्यायचो, आणि मग त्याची लाज वाटायची.

आणि एवढं असून मी त्याचं चित्र काढलं. का काढलं, ते नीट सांगता येत नाही. घशात अडकलेली गोष्ट हसून बाहेर पडेल असं वाटलं असावं. चित्रात सगळं घर हात जोडून थरथर कापतंय, म्हातारा बांधाचा दगड डोक्यावर घेऊन उभा आहे, पेटी घेतलेला फौजी ओलाचिंब झालाय, आणि सगळ्यांच्या मधे एकटं बकरंच तेवढं शांत आहे. त्याच्या कानाशी मी. एका हातात औषधाचा ड्रॉपर, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

लोक तिथं खदखदून हसायचे. मुलीनं त्याचा फोटो काढून खाली माझं नाव आणि नंबर घालून मोबाईलवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. आवाज तरुण माणसाचा होता.

"जावळीतल्या जत्रंला यायचा ते तुमीच न्हवं? सांगलीचं?"

मी हो म्हणालो.

"ते बकऱ्याचं चित्र आमच्या गावच्या ग्रुपवर आलंय. आमची चुलती, चित्रातल्या फौजीची आई, म्हणती, ह्ये आमचंच घर हाय. तिला यायचंय बगायला. परवा घिऊन येतो."

"कशाला येताय एवढं लांब?" मी विचारलं.

"ते ती सांगंना. येतो आमी."

त्यानं फोन ठेवला. पोराचं कसं काय आहे, एवढे चार शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवण जाईना. ती बाई एवढा प्रवास करून येतेय म्हणजे त्याचा अर्थ एकच, असं मी धरून चाललो. पोरगा गेला असणार. आणि सोळा वर्षांनी तिला कळलं होतं की तो कौल खोटा होता, तेही लोक हसत असताना, चित्रातून. मुलीला सगळं सांगितलं. ती आधी चेष्टेत म्हणाली, "आबा, तुम्ही एका बाईला घाबरताय?" मग पूर्ण ऐकल्यावर म्हणाली, "चित्र उतरवू या का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उतरवायलाच गेलो होतो. पण कॉलेजची पाच-सहा पोरं त्याच्यापुढं उभी होती, आणि त्यांच्यातली एक मुलगी म्हाताऱ्याच्या दगडाकडं बोट दाखवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. मी खुर्चीवर जाऊन बसलो. नंतर वाटलं, उतरवून काय उपयोग, बघायचं ते तिनं बघितलंच आहे.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास ती पुतण्याबरोबर आली. माझ्याच वयाची, नऊवारी, हातात पाण्याची बाटली. मी खांबाच्या आड उभा राहिलो. हे सांगायला लाज वाटते, पण राहिलो. ती एकेक चित्र बघत येत होती, सावकाश, शाळा तपासायला आल्यासारखी. सात कलेज्यांपाशी ती हसली. मेथीच्या जुडीपाशी पुतण्याला काहीतरी बोलली. मग त्या चित्रापाशी आली आणि थांबली. मग मागं न वळताच म्हणाली, "खांबाच्या मागं कशाला हुबं ऱ्हायलाय, दादा? या की म्होरं."

मी गेलो. पुतण्याला तिनं चहा घ्यायला पाठवलं.

"ह्यात मी कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी तांब्या धरलेल्या बाईकडं बोट केलं. ती वाकून बघत राहिली.

"नाक मोठं काढलंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पानी मीच वतत हुते. तुमी बोट वाकवलं ते मला दिसलं."

मी म्हणालो, "मग तवाच बोलला का न्हाई, आक्का?"

"मलाबी त्यानं अंग झाडायला पायजे हुतं." ती चित्राकडंच बघत होती. "पोरगं तोंड एवढुसं करून हुबं हुतं. तुमी केलं, मला बरं वाटलं. मग एसटी गेली आन् भ्या वाटाय लागलं. म्हटलं, देवानं कौल दिला न्हवता आन् ते मला एकलीलाच ठावं हाय. कुनाला सांगता येईना. सांगितलं आन् काय झालं तर? सोळा वर्सं झाली, दादा. फोन वाजला की आदी देवाला हात जोडते, मग मी उचलते."

मी सोळा वर्षं समजत होतो की ही भीती माझ्या एकट्याची आहे. डोंगरात एका घरात एक बाई तीच घेऊन बसली आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या करंगळीचं पाप मी मोजत बसलो, आणि तिला मी काय दिलं ते बघितलंच नाही.

"त्यो कसा हाय?" मी शेवटी विचारलं.

"बरा हाय. दोन पोरी हायत्या. सध्या वर, बर्फात हाय." ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "अकरा म्हैनं ऱ्हायलंत. मग पेन्शनीवर येतोय. तवर एवढं करा, हे चित्र पालथं ठिवा. लय ग्वाड काढलंय, हसू येतंय बगून. पर त्यो घरी येईपातुर कुनी हसू नये असं वाटतंय मला. आला की मी त्यालाच घिऊन येते. मग हसू द्या किती हसायचं ते."

मी चित्राला हात घातला. बधिर बोटांना खिळ्यावरची दोरी सापडेना. हात थरथरत होता, हातच काय, खांद्यापासून सगळंच अंग. तिनं ते बघितलं. बाटलीतलं पाणी ती प्यायली आणि म्हणाली, "तुमच्या कानात तर कुनी थेंब सोडला न्हाई न्हवं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग ह्यो कौल खरा धरते," ती म्हणाली, आणि दोरी तिनंच सोडवली. आम्ही दोघांनी मिळून चित्र उलटं करून परत त्याच खिळ्याला अडकवलं. संध्याकाळपर्यंत लोक त्या कोऱ्या पाठीपुढं थांबून विचारत होते, हे काय आहे. मी सांगत होतो, अजून पुरं व्हायचंय.

जाताना तिनं माझा नंबर पुतण्याकडून स्वतःच्या मोबाईलमध्ये घालून घेतला. म्हणाली, दर महिन्याच्या एक तारखेला मिस कॉल देईन, उचलू नका, बोलायचं काही नसतं. मिस कॉल आला म्हणजे पोरगा बरा आहे.

चित्र आता माझ्या खोलीत कपाटाशेजारी आहे, भिंतीकडं तोंड करून. तेव्हापासून मी एकही नवं चित्र काढलेलं नाही. एक तारखेला सकाळी अंघोळ करून फोन समोर ठेवून बसतो. सात-साडेसातला एकदाच रिंग वाजते आणि बंद होते. मग मी चहा मागतो. मुलीनं आता विचारायचं सोडून दिलंय, ती नुसता चहा ठेवते. असे नऊ आले. दोन राहिले होते.

या महिन्याचा अजून आलेला नाही. आज चार तारीख आहे. मुलगी म्हणते, आबा, डोंगरात रेंज जाते, वादळात टॉवर पडला असेल, तुम्हीच एक फोन लावून बघा. नंबर माझ्याकडं आहे. मी दोनदा काढला आणि परत ठेवला. आज पेपर आलाय, तो मी दुमडलेलाच टेबलावर ठेवलाय. चहा निवला म्हणून ती पुन्हा गरम करून देते आहे.